आधी तळ, मग गाद्या

चि. मुक्तास,


तुझ्या वेस्टर्ली सेंटॉरचे फोटो पाहिले. पहिली बोट म्हणून निवड उत्तम आहे. १९६९ ते १९८० या काळात ही २६ फुटी बोट दोन हजारांहून अधिक बांधली गेली. त्यामुळे तिचे गुणदोष जाणकारांना पाठ आहेत. तळाखाली दोन कील (पाण्यात उतरणारे जड पंख) असल्याने ओहोटीला ती चिखलावर सरळ उभी राहते. तळ बघायला दर वेळी क्रेन लागत नाही.

तुझ्या कामांच्या यादीत मात्र आधी गाद्या, मग केबिनचं लाकूड, मग रंग आहे. ही यादी उलटी कर. आधी बोटीत पाणी शिरणार नाही हे बघ, मग डोलकाठी पडणार नाही हे, मग इंजिन. सजावट सर्वांत शेवटी.

तळाला सिंकची, संडासाची, इंजिनाच्या पाण्याची भोकं असतात. त्यांवरचा प्रत्येक सी-कॉक, म्हणजे भोक बंद करणारी तोटी, उघडझाप करून बघ. खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतलं जस्त निघून जातं आणि पोचट, गुलाबीसर तांबं उरतं. तसा रंग दिसला की तो सी-कॉक बदलायचाच. नवा ब्रॉन्झचा घे. प्रत्येक सी-कॉकजवळ मापाचं लाकडी बूच बांधून ठेव.

नंतर कील. वर्षानुवर्षं चिखलावर टेकल्याने कीलभोवतीच्या फायबरला ताण बसतो. आतून भेगा दिसतात का, बोल्टांपाशी गंज ओघळलाय का, हे सर्व्हेअरकडून तपासून घे. सर्व्हेअर तू स्वतः निवडलेला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. तळाला फोड दिसले तर घाबरू नकोस, पण घाईने वर रंगही चढवू नकोस. ओल आत कोंडते. तळ वाळायला कित्येक महिने लागू शकतात.

डोलकाठीच्या तारा बाहेरून चकचकीत दिसतात आणि टोकाच्या जोडात आतून तुटत जातात. त्या कधी बदलल्या याचा कागद नसेल तर सगळ्या नव्या घाल. विमा कंपनीही बहुधा हेच विचारेल.

आधी तळ का, याचं एक उदाहरण सांगतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती आपल्या मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहैली’तून. त्या सफरीत तळाला गळती लागली, तेव्हा भर समुद्रात पाण्यात उतरून त्यांना ती बुजवावी लागली. अनेक दशकांनी त्यांनी तिची डागडुजी काढली, तेव्हाही मोठं काम होतं फळ्या धरणारे गंजलेले लोखंडी बोल्ट काढून ब्रॉन्झचे घालण्याचं. वरून कुणालाही न दिसणारं हे काम केलं म्हणूनच ती बोट आजही तरंगते आहे.

पैशांचंही सांगतो. जुन्या बोटीची किंमत हा खर्चाचा लहान हिस्सा असतो. जागेचं भाडं, विमा, तारा, शिडं पुढे येत राहतात. म्हणून सुरक्षिततेची कामं झाली की बोट पाण्यात उतरव आणि एक उन्हाळा तशीच चालव. कुठलं कपाट हवं, कुठला दिवा नको, हे तुला तेव्हाच कळेल. सगळं नव्यासारखं करायच्या नादात अनेकांच्या बोटी यार्डातच सडल्या आहेत. तुझ्या बोटीचं तसं होऊ देऊ नकोस.

सर्व्हेचा अहवाल आला की लगेच मला पाठव. तोवर केबिनवर एक पौंडही खर्च करू नकोस.

तुझा,
बापूकाका