सतरा सप्टेंबरनंतरचे दिवस

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजारोहण होते आणि मराठवाड्याच्या मुक्तीची कहाणी त्या एका तारखेशी येऊन थांबते. ती कहाणी खरी आहे. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी गावेच्या गावे भीतीखाली ठेवली होती. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी हैदराबादच्या निजामाच्या ज्या राजवटीविरुद्ध उभे राहिले ती जुलमीच होती. रझाकारांचा बळी ठरलेल्यांत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान हेही होते. हैदराबाद भारतात विलीन व्हावे असे ते लिहीत, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. त्या लढ्याची फाळणी धर्मावर करू पाहणाऱ्यांना हे नाव नेहमीच अडचणीचे वाटत आले आहे. माझा प्रश्न लढ्याच्या न्याय्यतेबद्दल नाही. भारतीय सैन्याच्या ‘पोलीस कारवाई’पुढे निजामाने शरणागती पत्करल्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले ते आपण अजून आपल्या इतिहासात घेतलेले नाही, आणि न घेतल्याने शांतता टिकते हा समज चुकीचा आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या आठवड्यांत काय झाले हे पाहायला पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुमारे तीन आठवडे फिरून त्यांनी जो अंदाज दिला तो २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता, आणि मृत बहुसंख्येने मुसलमान होते. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत झाली. त्यांतले दोन आपले. औरंगाबाद आणि बीड त्यानंतरच्या यादीत होते. खुनांबरोबर लूट, जाळपोळ, बळजबरीची धर्मांतरे, घरे आणि जमिनी बळकावणे यांचीही नोंद अहवालात आहे. शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. सरदार पटेलांना ही समितीच मान्य नव्हती. सरकारने तेव्हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचकांना मिळू लागला २०१३च्या सुमारास.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे सगळे रझाकारांच्या अत्याचारांची प्रतिक्रिया होती, दोन्ही एका तागडीत कशाला घालायचे? घालूच नये. पण रझाकारांत कधी न गेलेल्या विणकराचा किंवा शेतमजुराचा जीव रझवीच्या पापाची किंमत म्हणून कसा वळता करता येईल? दक्षिण आफ्रिकेत हाच पेच उभा राहिला होता. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या सत्य आणि समेट आयोगाने वर्णभेदाला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवले, त्याविरुद्धचा लढा न्याय्य मानला आणि तरीही त्या लढ्यातल्या काही कृत्यांना मानवी हक्कांचे उल्लंघन म्हटले. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस चिडली. ऑक्टोबर १९९८ मध्ये अहवाल रोखण्यासाठी ती न्यायालयात गेली आणि हरली. पक्षाचा विरोध असूनही मंडेलांनी अहवाल स्वीकारला. त्यामुळे त्या लढ्याची नैतिक उंची कमी झाली असे आज कोणी म्हणत नाही. उलट रवांडात पाहा. १९९४च्या वंशसंहारानंतर तिथल्या गाचाचा नावाच्या गावन्यायालयांनी २०१२पर्यंत लाखो खटले निकाली काढले, आणि ते काम लहान नव्हते. पण विजयी सैन्याने केलेली हत्याकांडे त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. तिथे शांतता आहे, मात्र काही मृतांचा शोक उघडपणे करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तीन जणांचा तीन आठवड्यांचा दौरा, न्यायालयीन अधिकार नाही, आकडे अंदाजाचे; त्यावर किती विसंबायचे? फार विसंबू नये, हे मान्य. पण मग दुसरी, अधिक काटेकोर मोजणी व्हायला हवी होती, आणि ती झाली नाही. ती न झाल्यामुळेच आज एका सभेत रझाकारांचे आकडे फुगतात, दुसऱ्या सभेत ‘पोलीस कारवाई’चे, आणि दोघांनाही खोडायला कागद नाही. ‘जुन्या जखमा उकरू नका’ म्हणणारे हे विसरतात की निवडणूक आली की रझाकार हा शब्द उकरला जातोच. तो कोणी उकरायचा, अभ्यासकाने की वक्त्याने, एवढीच निवड आपल्या हाती आहे.

साक्षीदार आता जवळजवळ उरले नाहीत, हे खरे. दप्तरे उरली आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातली निजामकालीन कागदपत्रे तपासली. मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार कामाला लागले. जातीच्या दाखल्यासाठी हे जमले. मग १९४८ ते १९५०च्या काळात कोणत्या गावात कोणाच्या नावावरची जमीन कोणाकडे गेली, हे महसुली नोंदींतून तपासायला विद्यापीठाच्या इतिहास विभागाला आणि शासनाच्या अभिलेखागाराला अडचण कशाची? सगळे हस्तांतर बळजबरीचे नसेल. काहींनी विकले असेल, काही स्वतःहून गेले असतील. तालुकानिहाय ते वेगळे करणे हे किचकट, कंटाळवाणे काम आहे, आणि त्यासाठी लागणारी उर्दू वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत चालली आहेत.