दलालाविना घर विकताना

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने व्यापार वैध ठरविला आणि व्याज निषिद्ध केले, आणि दरूद व सलाम असो त्या प्रेषितांवर (सल्ल.), ज्यांना प्रेषितत्वापूर्वीच मक्केच्या बाजाराने ‘अमीन’ म्हणून ओळखले होते.

गेल्या महिन्यात असरच्या नमाजनंतर आमच्या मशिदीतील एक ज्येष्ठ नमाजी माझ्यापाशी थांबले. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. मी त्यांना मास्तरचाचा म्हणतो. बुढीलेनमध्ये त्यांचे वडिलोपार्जित दुमजली घर आहे. पत्नीच्या निधनानंतर ते पडेगावला मुलाकडे राहू लागले आणि घर विकावयाचे ठरले. ते म्हणाले, ‘मौलाना, दलालाविना घर विकणे जायज आहे ना? दोन टक्के म्हणजे एक लाख वीस हजार होतात. एवढ्या पैशांत नातीच्या कॉलेजची फी निघेल.’

प्रश्न सोपा होता. आपली वस्तू आपण स्वतः विकण्यास शरीअतने कोणताही मध्यस्थ बंधनकारक केलेला नाही. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदीनेस आले तेव्हा हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दुआ दिली, बाजाराची वाट विचारली आणि स्वतः जाऊन खरेदी-विक्री सुरू केली. मी ‘जायज आहे’ असे म्हणालो आणि चाचा उठूही लागले. परंतु त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसेना, म्हणून मी त्यांना पुन्हा बसविले. तेव्हा खरी हकीकत बाहेर आली.

दलालाने तीन महिन्यांत सात-आठ जणांना घर दाखविले होते. त्यांतील एकाने साठ लाखांची तयारी दाखविली. दोन दिवसांनी तोच ग्राहक रात्री इशानंतर एकटाच आला आणि म्हणाला की, त्या मध्यस्थाला बाजूला ठेवू, सौदा फिसकटला असे सांगू आणि दलालीचे पैसे दोघे वाटून घेऊ. दलालाशी लेखी करार काहीच नव्हता. आणि तो दलाल आमच्याच मशिदीचा नमाजी. जुम्याला चाचांच्याच सफमध्ये उभा राहणारा.

वाचकहो, ‘दलालाविना घर विकावे काय?’ हा एक प्रश्न आहे आणि ‘दलालाने आणलेला ग्राहक मिळाल्यावर दलालाला वगळावे काय?’ हा अगदी दुसरा. आपल्या मोहल्ल्यांत पहिल्याचे नाव घेऊन दुसराच व्यवहार उरकला जातो.

मध्यस्थी हा इस्लामी इतिहासात तुच्छ लेखलेला धंदा नाही. हजरत कैस बिन अबी गरजा (रजि.) सांगतात की, मदीनेत आम्हा लोकांना ‘समासिरा’, म्हणजे दलाल, असे संबोधले जाई, प्रेषितांनी (सल्ल.) आम्हाला त्याहून सुंदर नाव दिले, ‘तुज्जार’, व्यापारी. आणि त्याच वेळी हेही समजाविले की, खरेदी-विक्रीत वायफळ बोलणे आणि शपथा मिसळतात, म्हणून तिच्यात सदका मिसळत जा. (अबू दाऊद, तिर्मिजी.) इमाम बुखारी (रह.) यांनी तर दलालाच्या मोबदल्यावर स्वतंत्र प्रकरणच योजले आहे आणि इब्ने सीरीन, अता, इब्राहीम व हसन (रह.) यांना त्यात हरकत वाटत नसे, अशी नोंद केली आहे. आमच्या हनफी फुकहांपैकी मुहम्मद बिन सलमा (रह.) यांना याविषयी विचारले गेले. मूळ नियमाने हा करार सदोष ठरला तरी, लोकव्यवहारात तो इतका रूढ आहे की त्यात हरकत नसावी अशी मला आशा आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अल्लामा इब्ने आबिदीन शामी (रह.) यांच्या ‘रद्दुल मुहतार’मध्ये हे नमूद आहे. त्याच ग्रंथात आणखी एक तपशील आहे: मालकाच्या परवानगीने दलालाने स्वतःच वस्तू विकली तर मोबदला विकणाऱ्यावर; त्याने केवळ दोघांमध्ये धावपळ केली आणि मालकाने स्वतः विकले, तर त्या गावची रूढी पाहावी.

म्हणून ‘लिहून दिलेले नाही’ ही सबब चालत नाही. रूढीने जे सर्वांना ठाऊक आहे ते, अट घातल्याप्रमाणेच बंधनकारक असते, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. आणि इथे तर दोन टक्क्यांचा उच्चारही झाला होता. बुखारी शरीफमधील हदीसे-कुदसीत तीन माणसांचा उल्लेख आहे, ज्यांच्या विरोधात कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील. त्यांतील एक तो, ज्याने मजुराकडून पूर्ण काम करून घेतले आणि त्याची मजुरी दिली नाही. घर दाखविण्यास उन्हातून सात वेळा आलेला माणूस मजूरच आहे, त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट असला तरी.

मी चाचांना स्पष्ट सांगितले: हा ग्राहक हवा असेल तर दलालाचा हक्क द्यावा लागेल. दर जास्त वाटत असेल तर त्याच्याशी समोरासमोर बोला. त्याने खुशीने कमी केले तर ते हलाल.

दलालांच्या बाजूचेही दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण लोक त्यांच्यापासून दूर पळतात ते विनाकारण नव्हे. मालकाला पंचावन्न सांगावयाचे, ग्राहकाकडून साठ घ्यावयाचे आणि मधले पाच गुपचूप ठेवावयाचे, हा प्रकार आपल्या शहरात नवा नाही. ‘इतक्याला विक, वरचे तुझे’ असे मालकाने स्वतः सांगितले तर हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या मते हरकत नव्हती, हनफी मतानुसार मात्र मोबदला आधीच निश्चित असावा. पण मालकाला पत्ताच नसेल तर कोणाच्याही मते ती उघड खियानत आहे. खोटा ग्राहक उभा करून बोली चढविणे, ज्याला हदीसमध्ये ‘नजश’ म्हटले आहे, तेही निषिद्ध आहे.

मात्र दलाल हटविला म्हणजे खोटेपणा हटला, अशा भ्रमात कोणी राहू नये. दलाल असताना ‘दुसरी पार्टी बासष्ट देत आहे’ हे तो बोलतो; दलाल नसताना ते आपल्याच जिभेवर येते. स्वतः घर विकणाऱ्याला दोन टक्के वाचतात, परंतु वस्तूचे सर्व गुणदोष सांगण्याची जबाबदारी त्याच्या एकट्यावर येते. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसचा आशय असा की, विकणारा व घेणारा खरे बोलले आणि दोष उघड केले तर व्यवहारात बरकत होते, लपविले आणि खोटे बोलले तर बरकत पुसली जाते. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी (सल्ल.) आतला ओलावा शोधला आणि तो वर का ठेवला नाहीस असे विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण खुतब्यांतून वारंवार ऐकतो. घराच्या ढिगातला ओलावा कोणता? पावसाळ्यात पाझरणारी मागची भिंत. शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत. रस्तारुंदीकरणात जाणारा पुढचा भाग. थकलेला मालमत्ता कर. भिंतीला नवा रंग लावून ओल झाकणे आणि ढिगाच्या वर कोरडे धान्य पसरणे यांत काय फरक आहे? देशाचा कायदाही येथे वेगळे बोलत नाही: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ विकणाऱ्याला असा दोष सांगण्यास बांधते, जो त्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला सामान्य काळजी घेऊनही कळणार नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. आपल्या शहराच्या जमिनी सरळ नाहीत. कुठे गुंठेवारी आहे, जी २००१च्या अधिनियमाखाली आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर नियमित करून घ्यावी लागते. कुठे सिडकोचा भाडेपट्टा आहे, ज्याच्या हस्तांतरणाची रीत वेगळी. आणि कुठे वक्फ व खिदमतमाश इनाम आहे, जे कोणाच्या बापाचे नाही म्हणून कोणी विकू शकत नाही. वक्फ मंडळाचे कार्यालय पाणचक्कीवरच आहे. शंका असेल तर बयाना घेण्यापूर्वी तेथे जाऊन विचारावे. दलाल नसेल तर वाचलेल्या रकमेतील थोडा भाग चांगल्या वकिलावर खर्च करावा, नगर भूमापनचे मालमत्ता पत्रक काढावे आणि दुय्यम निबंधकाकडील जुन्या नोंदींचा शोध घ्यावा. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत, जी कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि खरेदी-विक्रीस साक्षीदार करण्याचा आदेश आहे. ‘आपल्यातलाच माणूस आहे, लिहायचे काय’ असे म्हणणाऱ्यांनी ती एकदा अर्थासह वाचावी.

किंमत कागदावर कमी दाखवून उरलेली रोख घेण्याविषयीही चाचांनी विचारले. ते खोटी साक्ष लिहून देणे आहे. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड तितक्याच रकमेचा होऊ शकतो.

इथवर बोलणे झाले आणि मगरीबची वेळ जवळ आली. तेव्हा चाचा हळूच म्हणाले की, शेजाऱ्यालाही घर हवे आहे, पण तो चौपन्नच देतो, तेही सहा महिन्यांत हप्त्यांनी. ‘तीस वर्षांचा शेजार आहे, मौलाना. त्यांच्याच घरून माझ्या बीवीच्या मय्यतीला पहिला डबा आला होता.’

हे ऐकून मला बुखारी शरीफच्या ‘शुफ्आ’ प्रकरणातील ती हकीकत आठवली. हजरत अबू राफिअ (रजि.) यांच्या दोन खोल्या हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात होत्या. ते स्वतः सअद यांच्याकडे गेले आणि त्या विकत घ्या म्हणाले. हजरत सअद यांनी चार हजार दिर्हमांहून अधिक देण्यास नकार दिला, आणि तेही हप्त्यांनी. अबू राफिअ यांना बाहेरून पाचशे दीनार मिळत होते. एका दीनाराला दहा दिर्हम धरले तर ते पाच हजार होतात. तरीही त्यांनी शेजाऱ्यालाच दिले आणि कारण सांगितले की, निकटतेमुळे शेजाऱ्याचा हक्क अधिक आहे असे मी प्रेषितांकडून (सल्ल.) ऐकले नसते तर या किमतीत दिले नसते. मध्ये दलाल नाही, हप्ते आहेत, पाचव्या हिश्शाचा तोटा आहे. जणू चाचांचाच सौदा.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. हनफी फिकहनुसार शुफ्आचा पहिला हक्क मालमत्तेतील भागीदाराचा, नंतर वाट-पाणी यांत भागीदार असणाऱ्याचा, नंतर लगतच्या शेजाऱ्याचा. हा हक्क त्याच किमतीत घेण्याचा आहे, कमी किमतीत नव्हे. अबू राफिअ यांनी जे सोडले ते एहसान होते. आपल्या न्यायालयांत केवळ शेजारीपणावर आधारलेला शुफ्आ १९६०च्या दशकातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनंतर टिकत नाही. पण बाहेरच्या माणसाला होकार देण्यापूर्वी शेजाऱ्याला एकदा विचारण्यास कोणत्या न्यायालयाने मनाई केली आहे?

मी म्हणालो, ‘चाचा, शेजाऱ्याला दलालाने आणलेले नाही. त्याला दिले तर दोन टक्के लागू होत नाहीत. फेऱ्यांबद्दल दलालाला खुशीने काही दिले तर उत्तम.’ त्यांचा चेहरा उजळला. ‘मग सहा लाख सोडून देतो. अल्लाह बदला देईल.’

‘सोडाल, पण कोणाचे?’ मी विचारले.

घर वडिलांच्या नावे होते. आई आधीच वारली होती. मागे एक मुलगा आणि दोन मुली. कुरआनच्या वाटणीने चाचांचा हिस्सा अर्धा आणि बहिणींचा प्रत्येकी चौथा. साठ लाखांत तीस त्यांचे. पंधरा जालन्याच्या बहिणीचे, पंधरा परभणीच्या. चाचा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्यांनी तर केव्हाच माफ केले आहे. कधी मागितलेच नाही.’

न मागणे म्हणजे माफ करणे नव्हे. वारसा माणसाच्या मालकीत आपोआप येतो. ‘मी माझा हक्क सोडला’ एवढे तोंडी म्हटल्यानेही फुकहांच्या मते तो नष्ट होत नाही. माहेर तुटेल या भीतीने गप्प बसलेल्या बहिणीचे मौन हे मन राजी असल्याचा पुरावा कसा होईल? सूरह निसामध्ये परस्परांच्या राजीखुशीची अट व्यापारालाही घातली आहे. शेजाऱ्याला सहा लाखांची सूट देण्याचा विचार सुंदर आहे. परंतु त्यांतील तीन लाख चाचांचे आणि तीन लाख बहिणींचे. आपल्या खिशातून एहसान होतो, दुसऱ्याच्या खिशातून होत नाही. आणि शुफ्आच्या क्रमात पाहिले तर शेजाऱ्याआधी भागीदार म्हणून त्याच दोघी येतात. त्यांना कोणी अजून विचारलेलेही नव्हते.

अजान सुरू झाली. चाचांनी वुजूसाठी बाह्या वर केल्या आणि काही न बोलता हौदाकडे गेले.

पुढचे मला जुम्याला कळले. त्यांनी दोन्ही बहिणींना फोन केला. परभणीची म्हणाली, भाई जे करील ते मंजूर, पण सही करण्यापूर्वी आकडा सांगा. जालन्याची आधी रडली, मग म्हणाली की तिचे पंधरा लाख पूर्ण हवेत, जावई कर्जात आहे. शेजाऱ्याला चाचांनी सांगितले आहे की, माझ्या हिश्शातून तीन लाख सोडतो, घर सत्तावन्नला घ्या. बहिणींना त्यांचे तीस आधी, माझे हप्त्यांनी. शेजाऱ्याने रमजानपर्यंत मुदत मागितली आहे. रात्री आलेल्या ग्राहकाला नकार गेला. दलालाला चाचांनी घरी बोलावून सारे खरे सांगितले. तो थोडा नाराज झाला, चहा घेतला आणि मालमत्ता पत्रकावर वारसांची नावे चढविण्यास अर्ज कुठे करावयाचा हे समजावून गेला. त्या कामाचे काय घेणार असे चाचांनी विचारले आहे. आकडा अजून ठरावयाचा आहे.