दैव पाचवे आहे

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान (आधार), कर्ता, करण (साधन), चेष्टा (क्रिया) आणि दैव. दैव शेवटचे. डोंगरउतारावरच्या झोपड्या गाडल्या गेल्या, की आपण मात्र आधी दैवाकडेच बोट दाखवतो. 18 जुलै 2021 च्या पहाटे मुसळधार पावसात चेंबूरच्या भारतनगरात झोपड्यांवर भिंत कोसळली आणि 19 माणसे गेली. पाऊस दैवाच्या खात्यात टाकू. पण भिजून सुटणारी माती हे अधिष्ठान, घरासाठी उतार उभा कापणे ही चेष्टा, आणि अशी जागा विकणारा दलाल हे करण, हे सारे माणसांच्या जगातले आहे.

यावर म्हटले जाते, धोका ठाऊक असूनही झोपडीतला माणूस तिथे राहिला, म्हणजे फळ त्याच्याच कर्माचे. पण एकट्यालाच कर्ता मानणाऱ्याची बुद्धी अपुरी, असे हाच अध्याय पुढे बजावतो. खानदेशातला कोरडवाहू कापूस दगा देतो, जळगाव-धुळ्याच्या कापड गिरण्या बंद पडल्या, आणि माणूस सुरत, नाशिक, मुंबई गाठतो. शहराला त्याचे हात हवे असतात, त्याच्या घराची तजवीज मात्र कुणीच करत नाही. सपाट जागेचे भाडे परवडत नाही. उरतो तो कुणालाच नको असलेला उतार. याला निवड म्हणणे अन्याय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार : उतारावरच्या झोपड्यांना संरक्षण दिले तर अतिक्रमण वाढेल. पण उतारावरून उठवलेल्या माणसाला रोजगाराजवळ घर मिळाले नाही, तर तो दुसऱ्या उतारावर जातो. अतिक्रमण थांबते ते परवडणाऱ्या भाड्याच्या घरांमुळे. तोवर धोक्याच्या घरांची पाहणी, पाण्याला वाट देणारे नाले, पाणी झिरपायला भोके असलेल्या भिंती आणि अतिवृष्टीत वेळीच स्थलांतर एवढे तरी व्हायलाच हवे. तापी-गिरणेच्या खोऱ्यात सपाट जमीन आहे. धुळे-जळगावच्या नगररचनेत मजुराच्या घराला आजच जागा राखली, तर तेवढी कुटुंबे उतारावर जाण्यापासून वाचतील. पहिल्या चार कारणांचे काम पुरे केल्याशिवाय पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.