गाडीत आधी कोण बसलं?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय 11.

पूतना झाली, शकटासुर झाला, तृणावर्त झाला आणि आता यमलार्जुनाची झाडं कोसळली. गोकुळात वडीलधाऱ्यांची बैठक बसली. वयानं आणि ज्ञानानं मोठा असलेला उपनंद म्हणाला, इथं लेकरांचं भलं दिसत नाही. वृंदावनात गाईंना भरपूर चारा आहे, आजच निघू. आणि अख्खं गाव निघालं!

घाई एवढी, पण क्रम बघा. गाईगुरं पुढे. गाड्यांवर म्हातारी माणसं, लेकरं, बायका आणि सगळं सामान. गोप धनुष्यं घेऊन सोबतीला. यशोदा आणि रोहिणी एका गाडीत, कृष्ण-बलराम त्यांच्याजवळ. गोपी तर वाटेनं कृष्णलीला गात होत्या.

पुण्यात वाकडला आमच्यावरही ही वेळ आली. 11 महिन्यांचा करार वाढवायचं बोलणं झालेलं, आणि रविवारी घरमालकांचा फोन : बुधवारपर्यंत फ्लॅट रिकामा करा. त्यात माझी आई झरी जामणीहून आलेली, गुडघ्यांनी बेजार. बुधवारी टेम्पो आला, हमालांनी थेट फ्रिजला हात घातला. आई म्हणाली, "देव खोक्यात नोको भरू बाबू, माह्या मांडीवर दे. अन् बंडी भरताना आधी मानसं पाह्यतेत."

आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. भागवत न वाचलेल्या आईनं अध्यायाचं सार सांगितलं! मग आधी रिक्षा बोलावली. आई, लेक, देव, औषधांची पिशवी आणि पाण्याची बाटली नव्या घरी पोचली. फ्रिज नंतर.

सर्व्हर मायग्रेशन करताना आपण ठरवतोच ना, कुठली सिस्टिम एक मिनिटही बंद पडून चालणार नाही? घरातली ती सिस्टिम म्हणजे माणसं. सोफ्यावर ओरखडा आला तर पॉलिश होतं. जिन्यात ताटकळलेल्या म्हाताऱ्या जिवाला ‘आपण अडगळ झालो’ असं वाटलं, तर ते कशानं पुसणार?

वृंदावनात पोचल्यावर गोपांनी काय केलं? गाड्या अर्धचंद्राकार उभ्या केल्या, आत माणसं, झालं घर! भिंती नाहीत, तरी गोकुळ मोडलं नाही, कारण कृष्ण मध्ये होता.

आजचा संकल्प : घर बदलायची वेळ कधीही येवो, यादीत पहिली ओळ सामानाची नको, माणसांची हवी. आणि देव मांडीवर.

जय हरी!