पाय कधी काढायचा?

पोर्शे 911 पहिल्यांदा लोकांपुढे आली 1963 मध्ये, फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. आपल्याकडे बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ झाली म्हणतात, तसलाच प्रकार. सुरुवातीच्या गाड्या मागून इतक्या सटकायच्या की कंपनीने पुढच्या बंपरमध्ये वजनं दडवली, पुढे 1969 च्या मॉडेलला दोन्ही ॲक्सलमधलं अंतर 57 मिलिमीटरने वाढवलं. इंजिन मात्र हलवलं नाही. (2017 च्या आरएसआर या रेसकारमध्ये ते पुढे सरकलं, तेव्हा काही भक्तांना धर्म बुडाल्यासारखं वाटलं. कप गाडीत ते अजून मागेच आहे.)

हीच कप गाडी आयरेसिंगवर चालवा. तिच्या जुन्या पिढ्यांत ट्रॅक्शन कंट्रोल नव्हतं, एबीएस नव्हतं. वळणातून बाहेर पडताना मागचं वजन वरदान असतं, टायर रस्ता सोडत नाहीत. पण ब्रेक दाबला की भार पुढे जातो, मागची बाजू हलकी होते. आणि भर वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढलात, तरी तेच होतं. मागच्या टायरची पकड सुटते, आणि त्यांच्या मागे लटकलेलं ते जड इंजिन लंबकासारखं बाहेर झोकतं. गाडी गर्रकन फिरते. खऱ्या गाडीत हे घसरणं पाठीला आणि कमरेला आधी कळतं. घरातल्या खुर्चीवर ते फक्त स्टिअरिंगच्या धक्क्यातून, टायरच्या आवाजातून आणि डोळ्यांतून कळतं, म्हणजे बहुतेक वेळा उशिरा.

स्पाच्या ट्रॅकवरचं पुऊं हे वळण घ्या. उतारावरचं, वेगवान, लांबलचक डावं. आत शिरल्यावर मध्येच वाटतं, वेग जास्त झाला. सगळं शहाणपण सांगतं, चूक दिसली की थांब. इथे थांबणाराच फिरतो.

मला यात खरा प्रश्न दिसतो तो असा: आपण माघार घेतो ती नेमकी कशाला घाबरून? सिममध्ये जीव जात नाही, हाड मोडत नाही, दुरुस्तीचं बिल येत नाही. तरी पाय उचलला जातोच. म्हणजे ती भीती सगळी शरीराची नसते. 'आपण चुकलो' हे दिसायच्या आत त्या चुकीतून अंग काढून घ्यायची ती घाई असते. आयुष्यात ही घाई ओळखीची आहे. नातं, नोकरी, मित्रासोबत सुरू केलेला धंदा, सगळीकडे एक दिवस कोणीतरी मेसेजला उत्तर देणं बंद करतं. त्याला तो सावधपणा वाटतो. समोरच्याचं काय झालं, ते त्याने आरशात पाहिलेलं नसतं.

पण यावरून 'शब्द दिला, आता काही झालं तरी रेटायचं' असा धडा काढणं मला मान्य नाही. त्या नावाखाली माणसं वाईट लग्नांत आणि बुडत्या धंद्यांत वर्षानुवर्षं अडकून राहिली आहेत. ही गाडीही तसं सांगत नाही. वेग खरंच फार असेल, तर पाय दाबून धरल्याने तुम्ही सरळ भिंतीत जाल, कारण पुढची चाकं हलकी आणि ती वळायला आधीच नाखूश. तिचं मागणं वेगळं आहे. शंका घ्यायची ती वळणाआधी, गाडी सरळ असताना, ब्रेकवर. आत शिरल्यावर घ्यावीच लागली, तर पाय झटकू नका, हळूहळू सोडा. पाव, मग अर्धा. भार एकदम उडू देऊ नका.

हळूहळू सोडणं जड जातं, कारण त्या दीड-दोन सेकंदांत तुम्ही चुकीच्या जागी असल्याचं सगळ्यांना दिसत असतं. फिरलात तर निदान 'गाडीच तशी' म्हणता येतं.

आणि ऑनलाइन शर्यतीत तुम्ही एकटे नसता. कुणीतरी चाळीस मिनिटं राखून, जेवण आटपून बसलेलं असतं आणि पुऊंमध्ये तुमच्या मागे अगदी चिकटून येत असतं. तुमच्या मनात शंका आली हे त्याला दिसायला काही मार्ग नाही. त्याला दिसतात फक्त तुमचे मागचे दिवे, आणि पाय झटकला तर तेही पेटत नाहीत.