पंप बदलण्याआधी

कोऱ्हाळे बुद्रुक



जुना ट्रॅक्टर घेऊन यंदा सोमेश्वर कारखान्याच्या ऊसवाहतुकीला उतरतोयस, हे ताईकडून कळलं. स्टेअरिंग जड लागतंय आणि मेस्त्री पंप बदला म्हणतोय, असंही ती म्हणाली. पंप गेलेला असेल तर बदलावाच लागेल. पण तो गेलाय हे आधी सिद्ध होऊ दे.

पुढच्या टायरांपासून सुरुवात कर. हवा कमी असली तरी स्टेअरिंग जड होतं, आणि त्याला नवा पंप काय करणार? हवा बरोबर भरून मागच्या चाकांना ओटी लाव, पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचल, खाली भक्कम ठोकळे दे आणि इंजिन चालू करून स्टेअरिंग फिरव. चाकं अधांतरी असतानाही जड लागलं, तर इंजिन बंद करून स्टेअरिंगचा सिलिंडर अ‍ॅक्सलपासून सोडव आणि चाकं हातानं वळवून बघ. तिथंच अडकत असतील तर दोष तेलाचा नाही. किंगपिनला ग्रीस पोचलेलं नसतं. फडातल्या चिखलात आणि पाचटाच्या धुरळ्यात राबणाऱ्या गाडीचं हे नेहमीचं दुखणं आहे.

मग तेल. काही ट्रॅक्टरांना स्टेअरिंगची वेगळी टाकी असते, काही गिअरबॉक्सचंच तेल वापरतात. तुझ्या गाडीचं पुस्तक बघ आणि त्यात लिहिलंय तेच तेल घाल. तेलावर फेस दिसला, पंप सतत कण्हत असला, स्टेअरिंग हिसके देत असलं, तर आत हवा जातेय असं समज. टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपची क्लिप ढिली आहे का पाहा. तेल दुधाळ असलं तर पाणी शिरलंय. गळती शोधताना मात्र चालू इंजिनवर पाइपवरून हात फिरवू नकोस. बारीक छिद्रातून दाबानं सुटलेलं तेल कातडीत घुसतं, आणि दिसायला जखम टाचणीएवढी असली तरी हात गमवायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघ.

स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टोकाला येणाऱ्या आवाजाला घाबरू नकोस. तिथं रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. फक्त तसंच दाबून धरू नकोस, तेल तापतं.

एकाच बाजूला वळताना जड लागतं का, हे तू सांगितलेलं नाहीस. ते फार महत्त्वाचं आहे. पंप दोन्ही बाजूंना तेच तेल देतो. एकच बाजू जड असेल तर सिलिंडर किंवा स्टेअरिंगखालचा ऑर्बिट्रॉल तपासायला सांग. दोन्हीकडे सारखंच जड, तेल तापलं की आणखी जड आणि रेस वाढवली की हलकं, असं असेल तर पंपावर संशय घ्यायला जागा आहे. तरीही गेज लावून दाब मोजल्याशिवाय पैसे काढू नकोस.

स्टेअरिंग अचानक हलकं लागलं तर मात्र मला जास्त काळजी वाटते. दोन चाकी ट्रॉलीत मोळ्या पुढच्या बाजूला जास्त रचल्या की भार हुकावर येतो आणि ट्रॅक्टरचं नाक उचलतं. चाकांचा जमिनीवरचा दाब गेला, की स्टेअरिंग कितीही चांगलं असलं तरी गाडी वळत नाही. कालव्याच्या भरावावरून भरलेली ट्रॉली आणताना हे झालं तर सावरायला जागा नसते. पुढची वजनं बसवून घे आणि भरणाऱ्या टोळीला ट्रॉली कशी रचायची ते स्वतः उभं राहून सांग.

शिवाय, ऑर्बिट्रॉलच्या स्टेअरिंगमध्ये चाकापर्यंत जाणारा दांडा नसतो, मध्ये फक्त तेल असतं. इंजिन बंद पडलं तर ते वळतं, पण दोन्ही हातांचा जोर लावून. म्हणून उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणं कायमचं सोड.

गेज माझ्याकडे आहे. रविवारी घेऊन येतो. तोवर पंपाची ऑर्डर देऊ नकोस, आणि टायरांची हवा तेवढी आजच बघ.

तुझा मामा