मत जुळले नाही, तरी मन जुळू शकते का?

एखादा कलाकार आपल्याला मनापासून आवडतो. मग कळते की त्याचे राजकीय विचार आपल्या अगदी उलट आहेत. आता काय करायचे? त्याच्यावर प्रेम करणे थांबवायचे, की त्याच्या विचारांकडे डोळेझाक करायची?

हा प्रश्न फक्त नाटक-सिनेमापुरता नाही. कलाकाराच्या बाबतीत मनाला जी सवय लागते, तीच पुढे शेजाऱ्याशी आणि सख्ख्या भावाशी वागताना दिसते.

रायपूरचे हबीबसाहेब

आमच्या रायपुरात हा प्रश्न विचारला की हबीब तनवीर आठवतात. १ सप्टेंबर १९२३ रोजी त्यांचा जन्म इथेच झाला. पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजची. अभिनेते, कवी, दिग्दर्शक असे सगळेच ते होते. १९५९ मध्ये त्यांनी 'नया थिएटर' सुरू केले आणि छत्तीसगडच्या खेड्यांतील 'नाचा' कलावंतांना त्यांच्याच बोलीत मोठ्या रंगमंचावर उभे केले. मराठी प्रेक्षकांनी त्यांना नाना पाटेकरांच्या 'प्रहार'मध्येही पाहिले आहे.

ते डाव्या विचारांचे होते आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. 'पोंगा पंडित' नाटकामुळे अनेकांची मने दुखावली आणि त्याच्या प्रयोगांना जोरदार विरोध झाला. ८ जून २००९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सतनामी समाजातून आक्षेप आल्यावर छत्तीसगड सरकारने 'चरणदास चोर'च्या पुस्तकावर बंदी घातली.

आणि तरीही त्यांच्या विचारांवर नाराज असलेली माणसे इथे 'चरणदास चोर'ची गोष्ट रंगवून सांगताना भेटतात.

चोराचे व्रत

ती गोष्ट आहेच तशी. चरणदास हा चोर. गंमतीगंमतीत तो गुरूला शब्द देतो, की सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. गुरू आणखी एक वचन घेतात : खोटे बोलायचे नाही. पुढे एकेक करून हे सगळे त्याच्यासमोर चालून येते. तो शब्द मोडत नाही आणि त्यापायी जीव गमावतो.

विचार करा. गुरूला दिलेल्या वचनाची ही गोष्ट गावोगाव पोहोचवणारा माणूस डाव्या विचारांचा होता. 'हा आपला नाही' म्हणून आपण दार लावून घेतले असते, तर नुकसान कोणाचे झाले असते? नाटकातले लोकही चरणदासला 'चोर' म्हणूनच ओळखतात. त्या शब्दाच्या पलीकडे जो पाहतो, त्यालाच त्याचे सत्य दिसते.

सोपी वाट टाळू या

'कलाकार वेगळा, माणूस वेगळा' असे म्हणून सुटता येते. पण ते पूर्ण खरे नाही. हबीबसाहेबांचे विचार त्यांच्या नाटकांतच होते. खेड्यातल्या कलावंताला मानाची जागा देणे हाही त्या विचारांचाच भाग होता.

आपले मराठी उदाहरण घ्या. डॉ. श्रीराम लागू यांनी 'देवाला रिटायर करा' असे उघडपणे लिहिले. १७ डिसेंबर २०१९ रोजी ते गेले, तेव्हा रोज देवपूजा करणाऱ्या घरांतही 'नटसम्राट'च्या आठवणी निघाल्या. त्या घरांनी देव सोडला नाही आणि डॉक्टरांनाही सोडले नाही. 'मनातून ते आस्तिकच होते' असे सांगत त्यांना आपल्यात ओढून घेण्याचीही गरज नाही. जो माणूस जसा होता, तसाच त्याला आठवणे हाच त्याचा खरा आदर.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. ताळेबंदात एक बाजू लपवली की हिशेब खोटा ठरतो, हे आम्हाला पहिल्यांदा शिकवतात. माणसाची आठवणही तशीच. ऋणही लिहायचे आणि मतभेदही लिहायचा.

मग मर्यादा कुठे?

मत वेगळे असणे आणि कोणावर अन्याय करणे, या दोन गोष्टी एक नाहीत. कलेच्या प्रेमापोटी कोणाच्या अन्यायावर पांघरूण घालणे योग्य नाही. जो दुखावला गेला, त्याला 'विसरून जा' असे सांगण्याचा अधिकारही आपल्याला नाही. त्याने विरोध जरूर करावा. फक्त विरोधाचा द्वेष होऊ नये, एवढी काळजी प्रत्येकाने आपापल्या मनात घ्यायची.

राग आपल्याला एका वाक्यावर येतो, पण आपण पूर्ण माणूस पुसून टाकतो. अहंकाराला हे फार सोयीचे असते, कारण मग त्या माणसाकडून काही शिकावे लागत नाही.

या आठवड्यात एक छोटा प्रयोग करून पाहा. ज्यांची मते तुम्हाला अजिबात पटत नाहीत, अशी एक व्यक्ती निवडा. कलाकार असो, काका असोत की मैत्रीण. तिने तुम्हाला काय दिले, ते एका कागदावर लिहा. खाली आपला मतभेदही स्पष्ट लिहा. मग दोन्ही ओळी शांतपणे, एकामागून एक वाचा. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींना मनात जागा आहे, हे ज्या क्षणी जाणवेल, त्या क्षणी मन थोडे मोठे झालेले असेल.